वलगण

जूनचा पहिला दणदणीत पाऊस झाला की कर्जत-खालापूरकडे वलगण सुरू होते. उल्हास, पाताळगंगेतले मासे ओहोळांवाटे भातखाचरांकडे चढू लागतात, ते अंडी घालण्यासाठी. तरुणपणी आम्ही अशा ओहोळांच्या तोंडाशी पाग टाकून पिशव्या भरल्या, गाभोळी चवीने खाल्ली. एका वृद्ध कातकऱ्याने तेव्हा बजावले होते : पाणी एकाएकी गढूळले की काठ गाठा, वर घाटात पाऊस कोसळलेला असतो; आणि ओहोळ कधी पुरता अडवू नका. पहिली सूचना आम्ही तत्काळ पाळली, कारण तिच्यात आमचा जीव होता. दुसरी उमगायला वीस वर्षे लागली. आता वलगणीत आमचा पाग खुंटीवरच असतो. वर्गात मात्र दर जूनला हा शब्द आम्ही फळ्यावर लिहितो. मासे चढायचे थांबले, तर तो केवळ कोशात उरेल.