बडोद्याचे बंदर : ओखा

आमच्या घरी ‘ओखा’ हे गावाचे नव्हे, शिक्षेचे नाव होते. अभ्यासात हयगय झाली किंवा पानातली भाजी तशीच राहिली, की आजी म्हणे, “थांब, तुला ओख्याला धाडते!” बडोद्यातील ज्या मराठी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या संस्थानची चाकरी केली, त्यांच्यापैकी अनेकांना या धमकीचा अर्थ सांगावा लागणार नाही. अमरेली, कोडीनार येथली बदली एक वेळ सोसता येई. पण ओखामंडळ म्हणजे राज्याचे अगदी टोक. तेथे झाड नाही, गोडे पाणी नाही आणि बोलायला आपले माणूस नाही. आमचे आजोबा बंदराच्या बांधकामाच्या दिवसांत कारकून म्हणून तेथे चार वर्षे होते. परत आले ते दोन गोष्टी घेऊन : एक जडशीळ शंख आणि मचूळ पाण्याने कायमचे बिघडलेले पोट. शंख आजही आमच्या देवघरात आहे. आजोबांची ती चार वर्षे मात्र फुकट गेली, अशीच घरातल्या सर्वांची समजूत होती.

ती समजूत खरी की खोटी, हे एकदा डोळ्यांनी पाहावे म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही उभयता ओख्याला निघालो. मुंबईहून येणारी सौराष्ट्र मेल बडोद्याला मध्यरात्र उलटल्यावर येते. पूर्वी वीरमगामला गाडी बदलून मीटरगेजच्या डब्यात चढावे लागे; आता सुमारे ६०० किलोमीटरचा हा प्रवास एकाच डब्यातून होतो. उजाडल्यावर राजकोट आणि जामनगर मागे पडले. खंभाळियानंतर हिरवा रंग विरळ होत गेला आणि पुढे जमीन एकदम सपाट, पांढुरकी झाली. ओखामंडळ आणि काठेवाड यांच्यामध्ये खाऱ्या दलदलीचा एक चिंचोळा पट्टा आहे. तो ओलांडला, की आपण बेटावर आल्यासारखे वाटते. आजीच्या धमकीतला ओखा तो हाच, हे खिडकीतूनच पटले.

ओखामंडळ गायकवाडांकडे आले ते एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. द्वारकेसारखे क्षेत्र आपल्या राज्यात यावे, ही इच्छा त्यामागे होतीच. पण तेथल्या वाघेरांना हा परका अंमल कधीच मानवला नाही. जोधा माणेक आणि मुळू माणेक यांची नावे तिकडे अजून पोवाड्यांतून ऐकू येतात. १८५९ साली इंग्रजी फौजेने बेट आणि द्वारका घेतली, तरी बंडाची धग पुढे कितीतरी वर्षे टिकली. म्हणून या भूमीकडे ‘आपले जुने राज्य’ म्हणून जाताना मान थोडी खाली घालूनच जावे, हे बरे. मुलूख मिळाला होता. माणसे मिळायची होती.

ती मिळवण्याचा एक मार्ग सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत शोधला गेला, आणि तो समुद्रातून जात होता. शेतीला पाऊस नाही, तर या किनाऱ्याजवळ आहे तरी काय, हा प्रश्न संस्थानने प्रथम शास्त्रज्ञाला विचारला. जेम्स हॉर्नेल हे सागरी जीवांचे आणि मोत्यांच्या कालवांचे जाणकार. त्यांच्याकडून ओखामंडळाच्या समुद्राची पाहणी करवून घेण्यात आली. तिचा वृत्तान्त १९०९ आणि १९१६ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. कोणते शंख कोठे सापडतात, कालवांची वस्ती कशी आहे, मासे कोणते, याची ती मोजदाद होती. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्या पातळ, अर्धपारदर्शक शिंपा बसवलेल्या दिसतात, त्याच जातीचे कालव इकडच्या उथळ पाण्यात होते आणि त्यांतून बारीक मोती निघत. शंखाचे तर हे माहेरच. ओख्यासमोरील बेटाचे जुने नाव शंखोद्धार असे आहे. येथले शंख थेट बंगालपर्यंत जात आणि तेथील सुवासिनींच्या हातांत बांगड्या होऊन मिरवत. आमच्या देवघरातल्या शंखाचे कूळ असे आम्हाला सत्तरीच्या घरात आल्यावर कळले!

पाहणीनंतर आले बंदर. संस्थानचा मुलूख चार ठिकाणी विखुरलेला; नवसारी-बिलिमोऱ्याकडे खाडीतली बंदरे होती, पण मोठी आगबोट लागेल असे खोल पाणी मिळाले ते ओख्यालाच. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या या जागेला समोरच्या बेटाचा आणि समियाणी या छोट्या द्वीपाचा आडोसा आहे. १९२६ साली बंदर सुरू झाले. आम्ही धक्क्यावर गेलो, तेव्हा ओहोटी होती. दगडी बांधकामाच्या पायाशी शेवाळाची हिरवी रेघ दिसत होती. यातल्या कोणत्या दगडाची नोंद आजोबांच्या वहीत झाली असेल, असा एक भाबडा विचार मनात आला. वही आता नाही, दगड आहेत.

परंतु बंदर बांधले म्हणजे भरभराट झाली, असे होत नाही. काठेवाडच्या बंदरांकडे माल वळू लागताच, १९१७ साली उठलेली वीरमगामची जकातीची नाकेबंदी इंग्रज सरकारने १९२७ साली पुन्हा बसवली. ओखा उघडून जेमतेम वर्ष झाले होते. त्याहून बोलकी कथा मोटारींची आहे. १९४२ साली हिंदुस्थान मोटर्सची स्थापना झाली, तिचा पहिला छोटा जुळणी-कारखाना या ओख्यालाच होता. परदेशातून सुटे भाग बोटीने यावेत आणि येथे जोडावेत, अशी ती योजना. १९४८ साली तो कारखाना बंगालमध्ये उत्तरपाड्याला गेला. पुढे आपण सर्वांनी पाहिलेली अ‍ॅम्बॅसडर तिकडची; ओख्याच्या वाट्याला एक आठवण उरली. जे केवळ बंदरातून येते, ते दुसऱ्या बंदरातूनही येऊ शकते. त्याला थांबवून धरण्यासारखे या किनाऱ्याजवळ काही नव्हते.

मग येथे थांबले काय? त्याचे उत्तर ओख्याहून दहाएक किलोमीटरवर, मिठापूरला मिळते.

रस्त्याच्या दुतर्फा मिठागरांचे वाफे पसरलेले. सकाळी त्यांत आभाळ उतरलेले असते. दुपारी तेच वाफे डोळ्यांवर झळ मारतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांतले मीठ २७ ग्रॅमच्या आसपास. ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे फिरवत आटवत न्यायचे. आधी चिरोडी खाली बसते, मग मिठाचे खडे धरू लागतात आणि शेवटी उरलेल्या कडवट पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार आणि ब्रोमीन राहते. या साऱ्याला इंधन कोणते, तर ऊन आणि वारा. ज्या रखरखीमुळे आमची आजी ओख्याच्या नावाने मुलांना भिववीत असे, तीच रखरख येथे भांडवल ठरली. पाऊस भरपूर पडला असता, तर हा उद्योग येथे कशाला आला असता?

कपिलराम वकील या रसायनतज्ज्ञाने हे ओळखले. बडोदे संस्थानच्या आश्रयाने त्यांनी येथे मीठ पिकवायला सुरुवात केली. पण त्यांची नजर मिठापलीकडे सोडा अ‍ॅशवर होती. काच, साबण, कापड यांच्या धंद्यांना लागणारा हा सोडा तेव्हा परदेशातून येई. मिठाचे संपृक्त पाणी, चुनखडीपासून निघणारा वायू आणि अमोनिया यांच्या संयोगातून तो तयार होतो; कृती कागदावर चार ओळींची, प्रत्यक्षात वर्षानुवर्षे छळणारी. २३ जानेवारी १९३९ रोजी टाटा केमिकल्सची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला सयाजीराव महाराज निवर्तले. ज्या ओसाड टोकाची त्यांच्या सरकारने मोजदाद करवली होती, तेथे उद्योगाचे रोप लागल्याची वार्ता जाता जाता त्यांच्या कानी पडली असेल काय, कोण जाणे.

पुढची वाट सोपी नव्हती. समुद्र उशाशी, आणि कारखान्याला तहान गोड्या पाण्याची! अवर्षणात काम बंद पडायची वेळ आली, तेव्हा दरबारी सेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याची जागा जमेल तेथे समुद्राच्या पाण्याला दिली आणि थेंबाथेंबाची काटकसर शिकवली. १९८३ पासून टाटांचे पुडीतले मीठ घरोघर गेले. म्हणजे बडोद्याच्या, इंदूरच्या, बेळगावच्या कितीतरी मराठी घरांत रोजच्या आमटीत ओखामंडळ विरघळलेले असते. हे लक्षात आले, तेव्हा आमच्या मंडळींनी प्रवासातल्या डब्यातली मिठाची पुडी काढून कौतुकाने पाहिली.

मोटारींचा कारखाना गेला आणि मिठाचा राहिला, याचे कारण आम्हाला मिठापूरच्या बांधावर उभे राहून उमगले. ऊन, वारा आणि सपाट खारी जमीन गाठोड्यात बांधून नेता येत नाही. किनाऱ्याच्या अंगच्या गुणांवर जो धंदा उभा राहतो, तो तेथे मूळ धरतो. मात्र मूळ धरलेल्या झाडाला माती झिजवण्याचाही हक्क मिळतो, असे नाही. सोड्याच्या या रीतीत मागे उरणारे खारट पाणी आणि गाळ यांची वाट लावणे, हा जगभरच्या अशा कारखान्यांपुढचा प्रश्न आहे. आणि समोरचा समुद्र काही रिकामा नाही. ओख्यापासून पूर्वेकडे आखाताच्या दक्षिण किनाऱ्याने प्रवाळांची वस्ती आहे. १९८० साली तेथे अभयारण्य झाले आणि १९८२ साली भारतातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. हॉर्नेल यांनी जी संपत्ती काढण्यासाठी मोजली, तिच्यातली बरीचशी आता राखण्यासाठी मोजावी लागते.

या राखण्याची एक गोष्ट फार सुंदर आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, हा अजस्र पण निरुपद्रवी मासा येतो. त्याच्या यकृताचे तेल होड्यांच्या लाकडाला लावण्यासाठी आणि पुढे मांस परदेशी पाठवण्यासाठी त्याची शिकार होई. २००१ साली कायद्याने ती थांबली. पण कायदा खोल समुद्रात कसा पोहोचणार? २००४ पासून मोरारीबापूंनी किनाऱ्यावरच्या लोकांना समजावले, की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. लेकीला कोणी मारते का? तिला नाव मिळाले ‘व्हाली’, म्हणजे लाडकी. वनखात्याने फाटलेल्या जाळ्यांची भरपाई देऊ केली, मिठापूरच्या कारखान्यानेही हातभार लावला आणि कोळी आपल्या हातांनी जाळी कापून माशाला सोडू लागले. आमच्या मंडळींना ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. माहेर हा शब्दच तसा आहे.

शेवटच्या दिवशी बेटाला गेलो. पूर्वी ओख्याच्या धक्क्यावरून माणसांनी शिगोशीग भरलेल्या होड्या सुटत. माथ्यावर समुद्रपक्ष्यांचे थवे आणि होडीत द्वारकाधीशाचा जयघोष. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी २.३२ किलोमीटर लांबीचा सुदर्शन सेतू खुला झाला आणि यात्रेकरू मोटारीने पलीकडे जाऊ लागले. आजारी माणसाला रात्रीबेरात्री पलीकडून आणायचे असेल, तर पूल म्हणजे जीवदान. पण होडीवाल्यांचे काम आटले, हेही तितकेच खरे.

धक्क्यावर एक म्हातारे खलाशी बसले होते. आम्ही बडोद्याचे, असे कळताच ते हसले. “म्हणजे आमचे जुने सरकार!” मग गुजरातीत सावकाश सांगू लागले. त्यांच्या आजोबांनी बंदरासाठी दगड वाहिले होते. वडील गलबतावर. ते स्वतः पन्नास वर्षे होडीवर. एक मुलगा मिठापूरला कामाला. दुसरा मासेमारीच्या बोटीवर. सरहद्द चुकली तर पलीकडच्या तुरुंगात वर्षे जातात, म्हणून तो निघाला की सून देवाजवळचा दिवा विझू देत नाही. “पूल चांगलाच आहे, काका,” ते म्हणाले, “पण पुलावरून जाणारा माणूस येथे उतरत नाही. चहासुद्धा पीत नाही.”

त्यांच्या या एका वाक्यात ओख्याचा शंभर वर्षांचा इतिहास आला, असे आम्हाला वाटले. मोटारींचे भाग असेच उतरले नव्हते का, पुढे जाण्यासाठी?

आम्ही उतरलो. तेथेच चहा घेतला. आमचे आजोबा आणि त्यांचे आजोबा एकाच धक्क्यावर, एक दगड मोजत आणि एक वाहत, कधी समोरासमोर आले असतील का, हा विषय निघाला आणि ऊन कलेपर्यंत संपला नाही. निघताना त्यांनी विचारले, “शंख हवा का?” सागरी उद्यान झाल्यापासून असे काही उचलून नेणे बरे नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होते, थट्टाच केली त्यांनी. “घरी एक आहे,” आम्ही म्हणालो, “येथलाच.”

वाचकांपैकी कोणी द्वारकेला जाणार असतील, तर त्यांनी एक दिवस अधिक काढावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. देवदर्शन झाल्यावर मिठापूरचे वाफे पाहावेत, ओख्याच्या धक्क्यावर घटकाभर बसावे आणि चहा तेथेच घ्यावा. परतल्यावर आम्ही देवघरातला शंख धुऊन पुसून पुन्हा जागेवर ठेवला. नातू भाजी टाकून उठत होता. आजीची धमकी ओठांवर आली होती, पण ती गिळून आम्ही म्हणालो, “भाजी संपव, म्हणजे पुढच्या खेपेला तुला ओख्याला नेऊ.”