जुन्या गाड्या, घाटाची वाट : कापडे

शनिवार, रात्र. महाड

अंधार पडायच्या आत सगळ्या गाड्या महाडात शिरल्या. या गाड्यांच्या दिव्यांच्या भरवशावर महामार्गावर रात्र काढायची कुणाचीच तयारी नव्हती. सावित्रीवरचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016च्या रात्री पुरात गेला, दोन एसट्याही त्याच्याबरोबर गेल्या. आताचा पुढच्या वर्षी जूनमध्ये खुला झाला. तो ओलांडताना ज्याला त्याला हे सांगायचं होतं आणि सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

ताफ्यात सर्वांत वयस्क एक ऑस्टिन सेव्हन, 1920च्या दशकातली. 747 सीसीचं इंजिन. ही गाडी नवी होती तेव्हा, डिसेंबर 1927मध्ये, महाडच्या परिषदेसाठी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे प्रतिनिधी मुंबईहून बोटीनं निघून दासगावला उतरले होते. मलबार हिलवर मोटारी फिरत होत्या, पण कोकणाची वाट पाण्यातूनच होती. आमच्या मालकमंडळींना हे सांगितलं, तर त्यांनी ऑस्टिनचा आणखी एक फोटो काढला.

रविवार. महाड, पोलादपूर, कापडे, महाबळेश्वर

ही शर्यत नाही, हे आज चहावाल्यापासून पोलिसांपर्यंत सगळ्यांना सांगावं लागलं. कोण पहिला येतो याला इथं अर्थ नाही. स्वतःच्या चाकांवर मुक्कामाला पोचलं, टेम्पोवर चढावं लागलं नाही, की जिंकलं.

मी बसलो होतो 1959च्या फियाट इलेव्हन हंड्रेडमध्ये. मुंबईच्या तोंडी ही 'डुक्कर फियाट'. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची दारं उलटी उघडणारी, आणि इंजिन 1089 सीसीचं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरनं कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बांधल्या. सोलापूरच्या माणसानं घातलेला हा घाट. आमच्या ताफ्यात मराठी गाडी म्हणावी तर हीच.

पोलादपूरला महामार्ग सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलो. ऊन चढलं होतं. पुढं वाळूचा ट्रक, त्याच्यामागं आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये. पंखा इंजिनावरच फिरतो, त्यामुळं इंजिन मंद झालं की वाराही मंद. कापड्यात पोचता पोचता गाडीनं दोन आचके दिले आणि ती गप्प झाली.

कापडे पोलादपूरकडून घाटात शिरण्याआधी लागतं, आणि उमरठला आत जाणारा रस्ता इथूनच. गाडी ढकलून कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि पाच मिनिटांत निम्मा गाव जमला. मालकांनी पॉइंट तपासले, प्लग काढून पाहिला. टपरीच्या बाकावरचे एक म्हातारबाबा बराच वेळ नुसते बघत होते. मग उठले आणि म्हणाले, "ठिणगी हाय ना? मग तिकडं हात लावू नका. पंप तापलाय. फडका ओला करून गुंडाळा."

पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढत राहतो, कार्बोरेटर कोरडा पडतो. आमच्या मिस्त्रींचा टेम्पो मागं राहिला होता. ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं. फडका गुंडाळला, वरून तांब्याभर पाणी ओतलं, आणि बॉनेट उघडं टाकून चहा घेतला.

बाबांनी मुंबईत उभं आयुष्य टॅक्सी चालवली होती, पद्मिनी. "इंजिन ह्येच वो," ते म्हणाले. "नुसता वरचा पत्रा बदलला." फारसं चुकलं नाही त्यांचं; पद्मिनी ही या फियाटचीच पुढची पिढी. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर 2023अखेर ती रस्त्यावरून उठली. बाबांची त्याच्या कितीतरी आधीच भंगारात गेली होती.

आमच्या गाडीला मात्र 2021च्या केंद्रीय नियमांनुसार मान आहे. पन्नास वर्षांपुढच्या गाडीची 20 हजार रुपये भरून 'विंटेज' म्हणून नोंदणी होते, नव्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात. रोजच्या वापराला मनाई, पण प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला खुशाल न्या. म्हणजे विसाव्या वर्षी भंगार आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली तीस वर्षं गाडी झाकून ठेवायला ज्याच्याकडे जागा, त्याचाच वारसा टिकतो. मुंबईत खोलीसुद्धा भावाभावांत वाटून घेणाऱ्यांनी गाडी कुठं ठेवायची? हे मी मालकांना बोललो. ते कसनुसं हसले, आणि बाबांना म्हणाले, "बसा की, मारा एक चक्कर."

बाबांनी आढेवेढे घेतले नाहीत. उलटं दार उघडून बसले, चावी फिरवली, आणि गाडी पहिल्या फटक्यात लागली. गावातून एक फेरी मारून आले तेव्हा मागच्या बाकावर पाच पोरं होती. कुठून चढली कोण जाणे. उतरताना एवढंच म्हणाले, "क्लच खाली धरतोय." तो मालकांनी परवाच मुंबईत दुरुस्त करून घेतला होता. चेहरा पडला त्यांचा.

दरम्यान ताफ्यातले जीपवाले आत उमरठला जाऊन तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीचं दर्शन घेऊनही आले. आमचं राहिलं.

दुपारनंतर आंबेनळी घाट. वर महाबळेश्वर 1,372 मीटरवर आहे. तिथं पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून चढ संपत आला तरी काट्यावरची नजर हटवायची नाही. वाड्याच्या फाट्याला प्रतापगड बाजूला ठेवून आम्ही थांबलो, रेडिएटर निवू दिला, मग पाणी घातलं. ऑस्टिन अर्ध्या तासानं आली, पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत, आणि थांबलीच नाही. थांबली तर पुन्हा चढावर सुटेल याची चालवणाऱ्याला खात्री नव्हती. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याला हात सोडून उत्तर देता येईना.

महाबळेश्वरला पोचलो तेव्हा थंडी पडली होती आणि मिस्त्रींचा टेम्पो आमच्या आधी हजर होता. उद्या पसरणी घाटानं खाली वाई. ड्रम ब्रेक उतारावर तापले की पाय नुसता आत जातो, तेव्हा ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. मिस्त्री आता चारी चाकं काढून बसले आहेत. क्लचचंही सांगितलंय.