पाठीतला बाण
आजोळी कोणाच्या कमरेत उसण भरली, की आधी पायाळू माणसाची आठवण व्हायची. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, हा समज. माझी मावशी पायाळू. दुखणेकरी ओटीवर ओणवा होई, ती पाय लावी. गावात तिला त्याचा मान होता.

पुढे पुण्यात जर्मन शिकताना याच दुखण्याचं नाव वाचलं: हेक्सेनशुस. हेक्से म्हणजे चेटकीण, शुस म्हणजे तिने मारलेला बाण. तेव्हा शब्द वहीत उतरवला, तेवढंच. चाळिशीत बादली उचलताना माझी कमर धरली, तेव्हा तो अंगाला कळला. कमरेचे स्नायू एकाएकी आखडतात, बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप बरं होतं, हे डॉक्टर सांगतात. पण त्या क्षणी वाटतं, मागून कोणी मारलं? आणि वळून बघता तर येत नाही.

पलंगावर पडल्या पडल्या मी त्या बाणाचा माग काढत गेले. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये अचानक उठणाऱ्या कळेवरचा मंत्र लिहून ठेवलेला आहे. वनस्पती लोण्यात उकळायच्या आणि बाण कोणीही मारलेला असो, देवांनी वा चेटकिणीने, त्याला बाहेर बोलवायचं. त्यातला चेटकिणीचा शब्द जर्मन हेक्सेच्याच कुळातला. इथवर मला ते सारं आपलंसं वाटलं. दुखणाऱ्याला धीर देणारं.

मग १४८९ सालचं, कॉन्स्टान्सच्या उलरिख मोलिटोर या कायदेपंडिताचं पुस्तक आलं. त्यातल्या एका चित्रात एक बाई धनुष्य ताणून पुरुषाच्या पायावर नेम धरते. बाण मारणारीला आता चेहरा होता, आणि लिहिणारा कायद्याचा माणूस होता. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसला आना ग्योल्डी ही मोलकरीण होती. मालकाच्या मुलीच्या तोंडातून टाचण्या पडू लागल्या, आळ हिच्यावर आला, आणि १७८२ साली तिचं डोकं उडवलं. निर्दोष ठरली ती २००८ साली. हे वाचल्यापासून हेक्सेनशुस हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

ते तिकडचं, असं म्हणण्याची सोय मला नाही. नंदुरबारच्या पाड्यांवर बायकांना डाकीण ठरवून मारहाण झाली आहे. एखादीने करणी केली, मंत्राने जनावरांचं दूध आटवलं, असा आळ घेऊन तिला छळणं गुन्हा आहे, हे महाराष्ट्राला २०१३ साली कायद्यात लिहावं लागलं.