दादाचे बूट

मराठी विभागाच्या सहलीची सूचना आम्ही दोघी वर्षानुवर्षे एकाच साच्यात लिहीत आलो. पाण्याची बाटली, डबा, टोपी आणि शेवटी ‘चांगले बूट’. हे ‘चांगले’ म्हणजे कसे, ते कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या मापाने घ्यायचे, याचा विचार भाषेच्या प्राध्यापिका असूनही आम्ही कधी केला नव्हता. गो. नी. दांडेकरांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ मोठ्या हिरिरीने वाचायला सांगताना समोरच्या मुलींच्या पायांत काय आहे, हे पाहावेसे आम्हांला वाटले नाही.

२०१४ च्या जानेवारीत तोरणा उतरताना ते पाहावे लागले. १४०३ मीटर उंचीचा हा गड पुणे जिल्ह्यात सर्वांत उंच. वेल्ह्याहून चढणारी वाट (तालुक्याचे नाव आता राजगड झाले, तरी आमच्या तोंडी वेल्हेच) शेवटी कातळातून, रेलिंगच्या आधाराने बिनी दरवाजाशी पोहोचते. चढताना कोणाला काही झाले नाही. बुटांची परीक्षा होते ती उतरणीला. वाळलेले गवत, त्याखाली सुटा मुरूम. प्रथम वर्षाची एक मुलगी घसरली आणि तिचा घोटा मुरगळला. बूट काढला तेव्हा आतून कापसाचा बोळा निघाला. “मॅडम, दादाचे आहेत,” एवढेच ती म्हणाली, आणि दुखण्यापेक्षा शरमेनेच रडू लागली. दादाचा नंबर आठ, तिचा पाच. वर्गातल्या दोघांनी आधार देत तिला खाली आणले, तोवर वेल्ह्यात दिवेलागण झाली होती. घोटा महिन्याभरात बरा झाला. ती मात्र पुन्हा कोणत्याही सहलीला आली नाही. घरच्यांनी पाठवले नाही.

‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण आम्ही स्त्रीवादी समीक्षेच्या तासाला अनेकदा उलगडून दाखवली होती. बाईच्या पायातल्या खऱ्याखुऱ्या वहाणेचा प्रश्न त्या तासाला कधी आला नाही.

खरे तर आमची स्थिती तरी कुठे वेगळी होती? दुकानात बायकांच्या फळीवर गुलाबी रंगाचे, पातळ तळव्याचे जोड असत; डोंगरात चालण्याजोगे ते पुरुषांच्या फळीवर. त्यांतलाच लहान नंबर आम्ही घेत असू. पण बाईचा पाय म्हणजे पुरुषाच्या पायाची छोटी आवृत्ती नव्हे. सामान्यतः चवड्याच्या मानाने तिची टाच अरुंद असते. पुरुषी फर्म्यावरच्या बुटात टाच वर-खाली होते, तिथे फोड येतो. नाडी आवळली की चवडा आवळतो. उतारावर पाय पुढे सरकून अंगठा टोकावर आदळत राहतो आणि नख काळे पडते. आमच्यापैकी एकीने अशी दोन नखे गमावली आणि दोष आपल्या चालीलाच दिला.

आता आम्ही बूट संध्याकाळी घेतो, कारण दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. डोंगरात घालायचे तेच मोजे घालून दुकानातला जिना उतरून पाहतो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी, टाच मात्र हलता कामा नये. घोट्याच्या वरपर्यंत येणाऱ्या बुटांचा आग्रह आम्ही धरत नाही. पाठीवर एका दिवसाचे ओझे असेल तर रोहिडा, रायरेश्वर, राजगड यांना आखूड बूट पुरतात. जलरोधक म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या बुटांविषयीही आमचे मत फारसे बरे नाही. भोर-वेल्ह्याच्या पावसात पाणी वरूनच बुटात शिरते आणि मग आतच राहते. त्यापेक्षा जाळीचा, लवकर निथळणारा बूट बरा. शेवाळलेल्या कातळावर मात्र कोणत्याही रबराचा भरवसा नाही.

राजगडावर ताक विकणाऱ्या एका मावशींना आम्ही त्यांच्या प्लास्टिकच्या चपलांविषयी विचारले होते. “आमाला सवय हाय,” म्हणाल्या. शहरी माणसे असल्या उत्तरावर भाळतात. आम्हीही भाळलो असतो. पण बोलता बोलता त्यांनी टाच वर केली आणि भेगांत भरलेले मेण दाखवले. सवयीचा अर्थ तेवढाच होता.

पुढे आम्ही दोघींनी मिळून मुलींसाठी चार, पाच आणि सहा नंबरचे जोड घेऊन विभागाच्या कपाटात ठेवले. सहलीहून आले की चिखल वाळवून ब्रशने झाडायचा, आतला तळवा वेगळा काढायचा, आत रद्दी कोंबून सावलीत वाळवायचे; उन्हात किंवा चुलीपाशी नाही, कारण उष्णतेने चिकटवण सुटते. (एकदा आमच्याच एका परीक्षणाचे पान पाच नंबरच्या बुटात गेलेले सापडले. इतक्या आतवर ते कोणी नेले नव्हते.) पण करोनाच्या दोन वर्षांत कपाट बंद राहिले. उघडले तेव्हा जोड नव्यासारखे दिसत होते. रोहिड्याच्या पहिल्याच चढावर सहा नंबरचा सोल जबड्यासारखा उघडला. सोलवरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत न वापरताही आतून कुजतो, हे त्या दिवशी कळले. त्या मुलीने ओढणीची किनार फाडून सोल बांधला आणि ती गडावर पोहोचली. आता दर महिन्याला कपाट उघडून आम्ही तिन्ही जोड हाताने वाकवून पाहतो. सूचनेतली ओळही बदलली आहे : ‘बूट नसल्यास विभागात मिळतील, मोजे घालून यावे.’