मधला चौकोन मोकळा ठेवला आहे

गंगाखेड तालुका, जि. परभणी
चैत्र शुद्ध दशमी

सौ. वन्सं यांस,


तुमचा फोन येऊन वीस दिवस झाले. लेकीला सातवा सरला, बाळासाठी पणजीच्या, आपल्या बाईंच्या, लुगड्यांची एक लहान वाकळ शिवून ठेव, एवढंच तुम्ही म्हणालात आणि मी लगेच हो म्हणाले. त्यानंतर जे झालं ते फोनवर सांगता येईना. बाई शेजारीच बसलेल्या असतात, डोळ्यांनी दिसत नसलं तरी त्यांना ऐकू सगळं येतं. शिवाय एक गोष्ट तुम्हाला विचारायची आहे. ती घाईत विचारण्यासारखी नाही. शेजारचा मुलगा सोमवारी पुण्याला निघाला आहे, त्याच्या हाती हे पत्र देते.

तुमचा फोन आला त्याच दुपारी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. बाईंना ओसरीवर सतरंजी टाकून दिली आणि एकेक घडी त्यांच्या मांडीवर ठेवत गेले. रंग त्यांना आता कळत नाहीत, पण बोटं शाबूत आहेत. कापड अंगठ्याखाली चोळायच्या, मग गालाला लावायच्या, की लगेच “हे नाही” म्हणून डाव्या हाताला टाकायच्या. डावा ढीग वाढत गेला. एकवीस लुगडी-साड्या होत्या. उजव्या हाताला आली तीन! एक हिरवं इरकली, पार विटलेलं. एक इचलकरंजीचं चौकड्याचं. आणि एक पांढरं पातळ, तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तुम्ही आणलेलं. बाकी सगळी भेटीदाखल आलेली, आहेर झालेली, सुरतेची. झुळझुळीत, न चुरगळणारी, रंग न जाणारी.

वन्सं, मी तिथंच ओसरीवर बसून राहिले. आपल्या मागच्या दारातून पाहिलं की दूरच्या बाभळीपर्यंत आपलाच कापूस. दिवाळीपासून माघापर्यंत घरात कापूस, अंगणात कापूस, केसांत कापूस. पऱ्हाट्या चुलीत घालून वर्षभर भाकरी होते. मानवतच्या जिनिंगला जाणाऱ्या गाड्या मोजत आपण मोठे झालो. आणि त्या घरात एका बाळापुरतं जुनं सुती कापड निघेना.

गेलं कुठं ते मला ठाऊक आहे, म्हणून जास्त लागलं. भांडेवाली दारात यायची. बाईंची मऊसूत झालेली सात-आठ लुगडी आणि दादांची धोतरं देऊन मी एक स्टीलचं पातेलं आणि दोन डबे घेतले. तेव्हा वाटलं, जुनेराचं सोनं केलं. पातेलं अजून आहे. कापड कुठल्या तरी शहरात यंत्रं पुसायला गेलं असेल.

वाकळीला नवं कापड चालत नाही, हे तुम्हाला सांगायला नको, पण लेकीला समजावून सांगा. तिने मला दुकानातल्या गोधड्यांचे फोटो पाठवले होते. नव्या कापडाचे तुकडे जुळवून, मशीनवर शिवलेल्या. दिसतात सुरेख. पण दहा वर्षं अंगावर नेसलेलं, दगडावर आपटलेलं, उन्हात वाळलेलं सूत जसं नरम पडतं तसं नवं कापड पडत नाही. जुन्यातली खळ गेलेली असते, धाग्याचा पीळ सैलावलेला असतो, म्हणून ते घाम पितं आणि बाळाच्या अंगाला काचत नाही. म्हणून तर आपल्याकडे तान्ह्याला पहिलं कापड जुनंच. दुपटं जुनं, लंगोट जुने, कुंचीचं अस्तर जुनं.

आणि रुई भरतात ती दुलई. ते पिंजाऱ्याचं काम. वाकळीत रुई नसते, नुसतं कापडावर कापड. वर एक, खाली एक, मध्ये जे असेल ते. फाटका सदरा, उशीचा अभ्रा, शिवण उसवून सपाट केलेला परकर. सगळी ऊब त्या थरांमध्ये अडकलेल्या हवेची. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठात पारा पाच अंशांच्या खाली गेला होता, तेव्हा आपल्या शेतातल्या गड्याने बाजारातलं ब्लँकेट बाजूला सारून जुनी सात थरांची वाकळ मागून नेली.

सुरतेच्या साड्यांची वाकळ मी एकदा करून पाहिलेली आहे. थर एकमेकांवरून सरकत होते, टाका धरेना, गाठ सुटायची. कशीबशी पुरी केली. उन्हाळ्यात अंगाखाली घेतली की पाठ भिजायची. मग चुलीतली एक ठिणगी उडाली. सुती कापड जळून काळं पडतं. हे वितळलं आणि भोकाच्या कडा काचेसारख्या कडक झाल्या. ती वाकळ मी बाळाच्या आसपाससुद्धा येऊ देणार नाही.

त्या साड्यांचा उपयोग आता शेताला. तुम्ही मागच्या खेपेला आलात तेव्हा रस्त्याकडेच्या शेतांभोवती रंगीत साड्या ताणून बांधलेल्या पाहून थांबला होतात. रानडुकरं आणि हरणं यांना अटकाव म्हणून त्या बांधतात. तुमच्या भावांनी हरभऱ्याभोवती बाईंच्याच पाच बांधल्या. ऊन-पाऊस खाऊनही सडत नाहीत. टोमॅटोची रोपं काठीला बांधायला मात्र मी अजून सुती चिंधीच घेते. नायलॉनची दोरी देठ कापते, सुतळी काचते, चिंधी रोपाबरोबर सैल होत जाते.

डावा ढीग परत पेटीत गेला आणि मी हिशेब करत बसले. तीन कापडांतलं हिरवं इरकली जागोजाग विरलेलं, ते मध्ये घालता येईल. चौकड्याचं वर, पांढरं खाली. तीन थर. तान्ह्याला तेवढे पुरतात असं मी म्हटलं, पण बाईंना पटेना. पुण्यातल्या फरशीवर बाळाला चार थर पाहिजेत, फरशी गार असते, म्हणाल्या. चौथ्या थराचं पुढे सांगते.

आधी कापूस. तुमच्या भावांनी बांधाकडे दोन तासं गावरानी लावली होती, हे तुम्हाला माहीत नसेल. बाकी सगळं बीटी. २००२ साली परवानगी मिळाल्यापासून आपल्याकडे दुसरं बीच कुणी मागत नाही, आणि पोटापाण्यासाठी ते बरोबरच आहे, गावरानीचं बोंड लहान, वजन कमी. पण आपल्या काळ्या जमिनीत पाऊस दडी मारून बसला तरी ते झाड उभं राहतं. विद्यापीठातल्या लोकांनी या देशी कापसावर किती वर्षं घातली आहेत! त्याचा आखूड धागा लांब व्हावा म्हणून वाण काढले, त्यातल्या एकाचं नाव परभणी तुराब. त्या दोन तासांतल्या कापसाच्या बाई रोज वाती वळतात. न बघता, मांडीवर. देवाला लागतील त्याहून कितीतरी जास्त वाती झाल्या आहेत, पण त्यांचे हात थांबले तर मलाच करमणार नाही.

आता शिवणीचं. कापडं रिठ्याच्या पाण्यात रात्रभर भिजवली, सकाळी हलक्या हाताने चुबकली आणि ते पाणी लिंबाच्या बुडाला ओतलं. सगळे काठ कापून काढले. काठाची घट्ट वीण राहिली तर सुई मोडते. बटणं, हुक, जुन्या शिवणी काही आत जाऊ द्यायचं नाही. मग सारवलेल्या ओसरीवर खालचं कापड ताणून चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि ज्वारीचे दोन शेर ठेवले. एकटीने नीट ताणलं जात नाही. शेजारच्या दोघी आल्या. पूर्वी चैत्र-वैशाखात रान रिकामं झालं की एका ओसरीवर पाच-सहा जणी जमायच्या, आज हिची, उद्या तिची. आता दोघी आल्या तरी पुष्कळ झालं.

पांढरा दोरा दुहेरी, मेणावरून ओढून घेतला. धावदोरा कडेने धरायचा, चारी बाजू फिरून आलं की दोन बोटं आत सरकून दुसरा फेरा, असं आत आत जायचं. मधून सुरुवात केली तर कापड कडेला फुगतं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. बाळाची वाकळ म्हणून गाठी सगळ्या थरांच्या पोटात दडवल्या. बाई मध्येच हात फिरवतात आणि माझा टाका जिथं लांबला तिथं बोट थांबतं. काही बोलत नाहीत. मी उसवते. तीन वेळा उसवलं.

सकाळी उन्हाआधी परसात पाणी घालून होतं. न्हाणीचं पाणी अळूकडे वळवलं आहे, तो या उन्हातही हिरवागार आहे. शेवगा इतका लागला की शेजारी देऊन उरतोय. दुपारी बारा ते तीन बाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा शिवण. संध्याकाळी भाकरीला बसेपर्यंत एक फेरा.

शिवताना आम्ही जनाबाईवर बोलत होतो. गंगाखेडात राहून दुसरं काय सुचणार. तुम्हाला बाई ती कथा किती रंगवून सांगायच्या! देव जनीला दळू लागायला आले, थकले, तिच्या वाकळीवर तिथंच निजले. काकड्याची वेळ झाली तसे गडबडीत उठले. शेला आणि पदक तिच्या खोपटात राहिलं, आणि देवळात विटेवर उभे राहिले ते जनीची वाकळ पांघरून. पुजाऱ्यांनी पाहिलं, पदकाची चोरी जनीवर आली, तिला सुळावर द्यायला नेलं आणि सुळाचं पाणी झालं. महिपतींनी भक्तविजयात ही कथा लिहिली आहे. सगळे सुळाचा चमत्कार सांगतात. बाई मात्र लहानपणापासून मला… म्हणजे या घरात मी आले तेव्हा मी लहानच होते… दुसरंच सांगत आल्या आहेत. त्या म्हणतात, देव घाईत चुकले नाहीत. पहाटे थंडी होती. शेल्याला ऊब नसते. परवा पुन्हा तेच म्हणाल्या आणि मी टाका घालायचा थांबले. दामाशेटींच्या घरी राबणाऱ्या पोरीची वाकळ. कशाची असेल? दुसऱ्यांनी टाकलेल्या कापडाचीच ना. गोदेच्या काठच्या आपल्या या गावची पोरगी, आणि तिच्या चिंध्या देवाने अंगावर घेतल्या.

लेकीने मला आणखी एक फोटो पाठवला होता, तो मात्र मी पुन्हा पुन्हा पाहते. अमेरिकेत अलाबामा म्हणून कापसाचाच मुलूख आहे. तिथं नदीच्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती, तिथल्या काळ्या बायका पिढ्यानपिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या. त्यात मिसूरी पेटवे नावाच्या बाईची एक आहे, १९४२ सालची. तिचा नवरा वारला, तेव्हा तिने त्याचे शेतात घालायचे कपडे घेतले आणि त्याची गोधडी केली, पांघरून निजायला. निळं, राखाडी, तपकिरी, विटलेलं. त्या फोटोत मला आपली ओसरी दिसते. ज्यांनी कापूस वेचला त्यांच्याच अंगावर विरलेलं कापड.

हाच फोटो मी बाईंना शब्दांनी दाखवला. कापड कुठल्या रंगाचं, कुठे कसं जोडलं, सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग उठल्या, भिंतीला हात लावत देवघरात गेल्या आणि देव्हाऱ्याखालच्या कोनाड्यातून एक गाठोडं घेऊन आल्या. दादांचा पटका. पांढरा, मलमलीसारखा, कडेला पिवळसर पडलेला. दादा गेल्यापासून अकरा वर्षं तो तिथं होता, मला पत्ता नव्हता. “चौथा थर,” म्हणाल्या.

वन्सं, मी तो मध्ये घातला आहे. हेच तुम्हाला विचारायचं होतं, आणि मी आधी घालून मग विचारते आहे, याचा राग मानू नका. शेजारची म्हणाली, गेलेल्या माणसाचं कापड तान्ह्याच्या अंगाखाली नको. बाई म्हणाल्या, पणजोबाचं आहे, परक्याचं नाही. मला बाईंचं पटलं. दादा त्या पटक्यानेच घाम पुसायचे, त्याच्याच शेवात तुमच्यासाठी पेढे बांधून आणायचे, हे तुम्हीच मला सांगितलेलं आहे. पण बाळ तुमच्या लेकीचं आहे, तिच्या सासरच्यांनाही विचारलं पाहिजे. त्यांना नको असेल तर मी मनात काही आणणार नाही.

बाईंना अजून सांगितलेलं नाही की मी तुम्हाला विचारते आहे. फेरे आत आत येत गेले आणि आता मध्ये भाकरीएवढा चौकोन मोकळा राहिला आहे. तो मी शिवलेला नाही. तुम्ही हो म्हणालात की शेवटचा टाका घालताना घरच्या रिवाजाप्रमाणे पुरणाचा कण ठेवून मिटवीन. नाही म्हणालात तर त्या चौकोनातून हात घालून पटका सावकाश बाहेर काढता येईल, बाहेरचे फेरे थोडे उसवावे लागतील, पण बाईंच्या बोटांना कळणार नाही असं मी शिवून देईन. नाही, कळेलच त्यांना. तेव्हा मी सांगेन त्यांना.

सोबत इरकलीच्या चिंधीत घोसाळ्याचं आणि वालाचं बी बांधून देते आहे. मृग लागला की कुंडीत टोचा, गॅलरीच्या गजाला वेल चढेल. चिंधी टाकू नका.

पटक्याचं लवकर कळवा. लेकीला जपायला सांगा.

तुमची,
वहिनी