छत्रीच्या कापडाचं शीड

मैत्रिणींनो, छत्री मोडली की तिचं कापड टाकून देऊ नका. त्याचं शीड फार सुरेख होतं. सुती कापड भिजलं की जड होतं. छत्रीचं नायलॉन पाणी धरत नाही. हसलात ना? आमच्या जुन्नरच्या घरीही सगळे हसले. बाईमाणसानं रेडिओवर चालणारी शिडाची होडी करायची म्हणजे काय!

होडी हातभर लांबीची. थर्माकोल कोरून आकार दिला, त्यावर फेव्हिकॉलनं वर्तमानपत्राचे थर चिकटवले, आणि ते खडखडीत वाळल्यावर ऑइल पेंट. रंग थेट लावला तर थर्माकोल खाऊन टाकतो. तळाला उभी, खोल पाती आणि तिच्या टोकाला मासे धरायच्या जाळ्याचं शिसं. शिसं विषारी, तेव्हा ते स्वयंपाकघरात वितळवायचं नाही आणि हात साबणानं धुवायचे. पोटात दोन छोट्या मोटारी: एक सुकाणू फिरवते, दुसरी शिडाची दोरी ओढते नि सोडते. रिसीव्हरची तार मात्र उंच ठेवायची. या लहरी पाण्यात शिरत नाहीत.

खरी कसोटी जुळवणीची. होडी सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवू लागली की माणसं सुकाणूला बोल लावतात आणि ते तिरकं धरून ठेवतात. तिरकं सुकाणू म्हणजे ब्रेकच! दोष बहुधा डोलकाठीच्या जागेचा असतो. काठी जराशी पुढे सरकवा. होडी वाऱ्याकडे पाठ करून पळत असेल तर मागे घ्या. यासाठीच काठीखाली ओळीनं भोकं पाडलेली पट्टी बसवायची. वाऱ्याकडे किंचित ओढ मात्र राहू द्यावी. मोठा झोत आला की होडी आपणहून वाऱ्याला तोंड देते आणि कलंडायची वाचते. आणि शीड? दोरी सैल सोडा, कड फडफडू लागली की फडफड थांबेपर्यंतच ओढा. जास्त नाही.

माझं माहेर जुनं आंबेगाव. तालुक्याला आजही त्याचंच नाव, कचेऱ्या घोडेगावला, आणि गाव २००० साली पूर्ण झालेल्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुने अवशेष उघडे पडतात. लोक बघायला जातात. नाना कधी गेले नाहीत. त्या पाण्याचा विषयच त्यांना खपत नसे. पण डोलकाठीचा बांबू त्यांनीच तासून दिला होता, आणि काठी वाऱ्याला टिकते का, एवढं बघायला म्हणून ते आले.

वारा तोंडावर येईल असाच काठ निवडावा. बॅटरी संपली तरी होडी वाऱ्याबरोबर आपल्याकडे येते. तिच्यामागे पाण्यात उतरायचं नाही, गाळात पाय रुततो.

नाना बराच वेळ गप्प बसले होते. मग म्हणाले, "अगं, जरा डावीकडं घे. चावडी त्या अंगाला होती." मी घेतली. मग देवळाकडं, मग आमच्या परसाकडं. पुढच्या रविवारी त्यांना विहिरीकडं जायचंय.