अम्मीची भूक

"अम्मी, जरा तोंड आवर." हे आम्ही तिघा भावंडांनी कितीदा म्हटलं असेल, त्याची आता लाज वाटते. सगळ्यांना वाढून दस्तरखानावर शेवटी बसणारी ती. वजन ९४ किलो, बारा वर्षांची साखर, गुडघे गेल्यामुळे नमाज खुर्चीवर.

लातूरच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन लिहून दिलं, तेव्हा आम्हाला वाटलं, इन्सुलिनच असेल. तसं नव्हतं. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन निघतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोट सावकाश रिकामं होऊ देतं आणि मेंदूला 'बस झालं' असं कळवतं. पण काही मिनिटांतच ते नष्ट होतं. हे औषध म्हणजे त्याचीच आठवडाभर टिकणारी नक्कल.

पहिले काही दिवस मळमळ झाली, बद्धकोष्ठही. मग एका रात्री अम्मीनं अर्धी भाकरी ताटात ठेवली. "पोट भरलं," म्हणाली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "इतकी वर्षं जेवून उठले तरी डोक्यात खाणंच असायचं. मला वाटायचं, माझीच नियत खराब." आमच्यापैकी कुणी मान वर केली नाही.

आमचे मामू काडीसारखे, तरी त्यांना साखर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय, की आपल्याकडची बाळं वजनानं कमी असली तरी अंगात चरबी जास्त घेऊन जन्मतात. म्हणजे सगळा दोष ताटाचा नाही.

शेजारच्या खालांनी विचारलं, "मुलीच्या शादीआधी दोन सुया मिळतील का?" आम्ही साफ नाही म्हटलं. हे डॉक्टरांशिवाय घ्यायचं औषध नाही, आणि मूल हवं असेल तर किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं.

आमची काळजी वेगळीच आहे. चाचण्यांमध्ये मधुमेह नसलेल्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के घटलं, मधुमेह असलेल्यांचं १०च्या आसपास. पण औषध थांबवलं की बरंचसं परत येतं. भाईजानच्या पगाराचा मोठा हिस्सा त्यात जातो. भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती. पुढे भाव उतरतील या आशेवर आम्ही महिने मोजत होतो.

उरलेली अर्धी भाकरी अम्मी दारातल्या देवणी गाईला घालते. गाय आता तिची वाट बघते.